फॉर्मवरची तिसरी टेस्ट

परबताईंचा आवाज असा होता की आमच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या खोलीचं दार बंद असलं, तरी बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला आतल्या बाईची पाळी कधी आली ते कळायचं. "कितवा दिवस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बाई आत शिरली, खुर्चीत टेकली, पर्स मांडीवर घेतली की लगेच, कितवा दिवस? समोरची गोंधळून विचारायची, कसला? "पाळीचा गो. सोमवार-मंगळवार मला कॅलेंडरात दिसतो."

मी बाहेर काउंटरवर. मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्यापासून थोडं आत, एका बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. माझं काम म्हणजे फॉर्म घ्यायचा, कॉम्प्युटरवर नाव चढवायचं, पावती द्यायची आणि संध्याकाळी रिपोर्ट टाईप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे. परबताई आमच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. मी नोकरीला लागले तेव्हाच त्यांचे केस अर्धे पिकलेले होते. मूळच्या कणकवलीकडच्या, वडील गिरणीत होते, लहानपण लालबागला गेलं, एवढंच मला माहीत. त्यापलीकडचं विचारलं की त्या म्हणायच्या, तुझ्याकडे फॉर्मची थप्पी पडली आहे ना, ती बघ.

एकदा एक सासरेबुवा सुनेला घेऊन आले होते. आतून तो प्रश्न ऐकू आला तसे ते उठून उभेच राहिले. इथे पुरुष माणसं बसली आहेत, काही लाजबीज आहे की नाही म्हणाले. परबताई हातात नळी घेऊन तशाच बाहेर आल्या आणि त्यांना म्हणाल्या की रक्त तिचं काढतेय, तुमचं नाही, तुम्हाला ऐकवत नसेल तर खाली चहा बरा मिळतो. सासरेबुवा खाली गेले आणि परत वर आलेच नाहीत. सून मात्र जाताना हसत गेली.

लॅब ज्यांची आहे ते डॉक्टर, आम्ही त्यांना सर म्हणतो. सर माणूस वाईट नाही, पण भित्रा. लोक दुसऱ्या लॅबला जातील या धास्तीत त्यांचा निम्मा दिवस जातो. तो प्रश्न बंद करा म्हणून त्यांनी परबताईंना दहा वेळा सांगून पाहिलं. परबताई मान डोलवायच्या आणि पुढच्या बाईला तोच प्रश्न विचारायच्या. उत्तर फॉर्मच्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहून ठेवायच्या आणि मी ते टाईप केलं नाही तर रिपोर्टवर सही करायच्या नाहीत.

त्यांचं म्हणणं काय होतं ते सांगते, कारण हे मला कळायला दोन वर्षं लागली. सीए एकशे पंचवीस नावाची रक्ताची एक टेस्ट आहे. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी करतात. पस्तीसच्या आत आकडा आला की आमच्या कागदावर तो साध्या अक्षरात छापून येतो, वर गेला की जाड आणि लाल. लोकांना तेवढंच कळतं. लाल म्हणजे मेलो, साधा म्हणजे सुटलो. आता हा आकडा पाळी चालू असली तरी वर जातो, पोटात टीबी असला तरी जातो, दिवस गेले असले तरी जातो. आणि उलट, गाठ खरोखर वाईट असली तरी कधीकधी ढिम्म हलत नाही. तरुण पोरींत तर विशेष, कारण त्यांना होणारा कॅन्सर बऱ्याचदा वेगळ्याच जातीचा असतो आणि रक्तातल्या त्याच्या खुणाही वेगळ्या. परबताई रिपोर्ट हातात देताना 'नॉर्मल' हा शब्द चुकूनही वापरायच्या नाहीत. म्हणायच्या, "आकडा ठीक आहे. पोटाचं काय म्हणणं?" पेशंटच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बोट करून सांगायच्या, पिशवी उघड. मग सोनोग्राफी, जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं टेबलावर पसरायचं. आम्हाला जेवायला उशीर व्हायचा तो या पिशव्यांमुळे. मी चिडून म्हटलं की आपण डॉक्टर आहोत का, तर मालवणीत सुरू व्हायच्या. "आकडो बरो म्हणान पोट बरां, असां कोणी सांगल्यान?"

मशीनच्या बाबतीतही तसंच. रोज सकाळी पेशंटच्या नळ्या लावायच्या आधी त्या एक तपासणीचं सॅम्पल लावायच्या, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. ते जरा इकडेतिकडे आलं की दिवसभराचे रिपोर्ट बंद. एकदा एका बड्या पुढाऱ्याच्या बायकोचा रिपोर्ट असा अडकला. तिकडून फोनवर फोन, सर घामाघूम, आणि या स्टुलावर बसून डब्यातली भाकरी खातायत. मी म्हटलं, ताई, आपली वाट लागणार. तर म्हणाल्या, खोटा आकडा दिला तर तिची लागेल. संध्याकाळी मशीन ठिकाणावर आलं तेव्हाच तो रिपोर्ट गेला.

मग ते महिला दिनाचं पॅकेज आलं. सरांच्या मेहुण्याने डोक्यात भरवलं होतं. दाराबाहेर गुलाबी फ्लेक्स लागला, त्यावर हसणाऱ्या तीन बायका आणि खाली टेस्टची यादी, त्यात सीए एकशे पंचवीस. वय कितीही असो, तक्रार असो नसो, या आणि करून जा. परबताईंनी फ्लेक्स वाचला आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या. आतलं सगळं बोलणं मला ऐकू आलं, दार असून नसल्यासारखंच होतं. धडधाकट पोरींना ही टेस्ट करायची नसते, उगाच घाबरवून ठेवाल, आणि जी खरी आजारी आहे ती साधा आकडा बघून घरी बसेल. सर म्हणाले, परबबाई, सगळेच करतायत.

चौथ्याच दिवशी एक बँकेतली मुलगी आली, सत्ताविशीची, साखरपुडा ठरलेला. आकडा आला अठ्ठावन्न, लाल आणि जाड. रिपोर्ट तिच्या फोनवर मीच पाठवला. तिने घाबरून भावाला पाठवला, भावाने घरच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो होणाऱ्या नवऱ्याच्या घरी पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळी ती पोरगी काउंटरला धरून उभी. परबताईंनी फॉर्मचा कोपरा दाखवला. दुसरा दिवस, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. तिला आत बसवलं, ग्लुकोजची बिस्किटं खायला घातली आणि खोदून खोदून विचारलं. दर महिन्याला दोन दिवस झोपून काढते, पेनकिलरशिवाय उठता येत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचं दुखणं होतं ते, आणि आईने आयुष्यभर सांगितलं होतं की बायकांचं दुखायचंच. पाळी संपल्यावर पुन्हा रक्त तपासलं तर आकडा पस्तीसच्या आत आला. पण साखरपुडा पुढे ढकलला गेला होता, आणि ढकलला तो ढकललाच. एका पीडीएफने एवढं केलं आणि कुणाला त्याचं काही नाही. ती पोरगी तशी येऊन उभी राहिली त्याच्या दुसऱ्याच सकाळी दाराबाहेरचा फ्लेक्स गायब झाला होता. सरांनी विचारलं तर परबताई म्हणाल्या वाऱ्याने पडला असेल. आमच्या जिन्यात वारा म्हणून कधी शिरलेला नाही. पुढे तो मला फ्रीजच्या मागे गुंडाळून ठेवलेला सापडला, मी गप्प बसले.

लोकांना वाटतं, हिच्या घरात कुणीतरी गेलं असणार ओव्हरीच्या कॅन्सरने, बहीण नाहीतर मुलगी, म्हणून एवढं जिवाला लावून घेते. अहो, कोणी नव्हतं. मी एकदा स्पष्ट विचारलंसुद्धा. त्या चक्रावल्या. कोण मेल्याशिवाय काम नीट करू नये काय, म्हणाल्या. मला हे उत्तर अजून आठवतं आणि स्वतःचा राग येतो.

राग येण्याचं कारण प्रणाली. आता तिच्याबद्दल सांगायला हवं.

प्रणाली वीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात काउंटरला होती आणि बाहेरून बी.कॉम. करत होती. भांडुपच्या बाजूला, झोपडपट्टीच्या जागी बांधलेल्या एका एसआरए बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर घर, आईवडील, ती आणि धाकटी बहीण. पोट फुगतं, उजवीकडे दुखतं, जेवण जात नाही म्हणून तीन महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली तर उजव्या ओव्हरीवर गाठ, मोठी आणि भरीव. त्यांनी सीए एकशे पंचवीस लिहून दिली आणि ती आईबरोबर आमच्याकडे आली. परबताईंनी आतून प्रश्न विचारला आणि आतूनच तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर आलं, "बारावा, ताई!" बाहेर बसलेले दोघेतिघे हसले. परबताईंनाही ती आवडली असणार. पिशवी उघडून सोनोग्राफी बघितली आणि जाताना स्वतः दारापर्यंत सोडायला आल्या, असं त्या कुणासाठी करत नसत.

संध्याकाळी आकडा आला अठ्ठावीस. परबताई रिपोर्टवर सही करून घरी गेलेल्या. प्रणालीची आई रिपोर्ट न्यायला स्वतः आली, फोनवर मागवायचा तिचा धीर नव्हता. कागद हातात घेऊन तिने मला विचारलं, नॉर्मल आहे ना? मी कागदावर नजर टाकली, अक्षरं साधी होती, आणि मी म्हटलं, "हो, नॉर्मल आहे." त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा हात धरला, देव तुमचं भलं करो म्हणाली. मलाही बरं वाटलं, काय सांगू. दिवसभरात कुणी माझा हात धरत नाही.

आठ दिवसांनी परबताईंनी मला विचारलं, ती बाराव्या दिवसवाली, तिचं पुढे काय झालं? मला काय माहीत. मग त्यांनी त्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, परत आलीच नाही, आईने फोन करून सांगितलं की रिपोर्ट नॉर्मल आहे असं लॅबमध्ये म्हणाले. परबताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कोण म्हणालं हे त्यांनी विचारलं नाही. पुन्हा फोन लावून डॉक्टरांशी वीस मिनिटं भांडल्या. वय वीस, गाठ भरीव, या वयाच्या खुणा वेगळ्या असतात, त्या बघा. डॉक्टर भला माणूस, ऐकून घेतलं. ओळखीच्या एका लेडी डॉक्टरला विचारलं, तिने तीन टेस्ट सांगितल्या आणि रिपोर्ट घेऊन सोमवारी भेटायला या, बहुतेक ऑपरेशन करावं लागेल असा निरोप दिला. आईला पुन्हा घाबरवून, समजावून डॉक्टरांनी शनिवारी फॉर्म हातात दिला. फॉर्मवर तीन नावं होती: एएफपी, एलडीएच आणि तिसरी बीटा एचसीजी.

शनिवारी आमच्याकडे बसायला जागा नसते. प्रणाली आणि आई काउंटरसमोर उभ्या, मागे रांग, त्यात त्यांच्याच बिल्डिंगमधल्या दोघी. मी पहिल्या दोन टेस्ट चढवल्या. तिसरी शोधली. आता आमच्या कॉम्प्युटरमध्ये बीटा एचसीजी त्याच नावाने नाही. रोज ती एकाच कामासाठी लागते, म्हणून सॉफ्टवेअरवाल्याने तिचं नावच 'प्रेग्नन्सी टेस्ट' असं टाकून ठेवलं आहे. एका जातीच्या कॅन्सरमध्ये तेच द्रव्य रक्तात वाढतं, आणि पोरींमध्ये ते मुद्दाम बघतात, हे परबताईंना माहीत होतं, मला नव्हतं. आईने विचारलं, ही तिसरी कसली हो? मी स्क्रीनवर होतं ते वाचून दाखवलं.

"प्रेग्नन्सीची आहे."

रांगेतल्या त्या दोघी पुढे वाकल्या. आईने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. प्रणाली म्हणाली, आई, अगं काहीतरी चुकीचं... तेवढंच. आईने काउंटरवरचा फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या, पोरीचं मनगट धरलं आणि जिना उतरून गेली. परबताई आत दुसऱ्या कुणाची शीर शोधत होत्या. त्या बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं झाली होती. काय झालं ते मी सांगितलं तसा त्यांनी हातमोजा काढून टेबलावर आपटला. "काय केलंस गो शुभा तू."

सोमवारी वडील आले, बिल्डिंगमधली आणखी दोन माणसं घेऊन. लग्नाची पोर आहे आमची, चार माणसांत तुम्ही तिच्या नावावर काय लावलंत? सर हात जोडून उभे. परबताई मधे बोलू लागल्या की अहो त्या टेस्टचा अर्थ वेगळा आहे, कॅन्सरसाठी सांगितली आहे. पण त्या दिवशी त्यांचं कोण ऐकतंय! उलट वडील म्हणाले, कॅन्सरचा रिपोर्ट तर तुमच्याच लॅबने नॉर्मल दिला. सर म्हणाले, परबबाई, तुम्ही आत जा. ते लोक गेल्यावर सरांनी परबताईंकडून लिहून घेतलं की यापुढे पेशंटच्या डॉक्टरांना परस्पर फोन करणार नाही, पेशंटच्या घरी जाणार नाही. परबताईंनी सही केली. कॉम्प्युटरमधलं ते नाव तेवढं बदलून घ्या, असं मी सरांना सांगितलं. सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो म्हणाले. अजून सांगतायत. आजही ते तसंच आहे.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी परबताई म्हणाल्या, चल. सामानाची पेटी त्यांनी घेतली, नळ्यांचा थंड डबा माझ्याकडे दिला. आम्ही रिक्षाने प्रणालीच्या बिल्डिंगला गेलो. सातव्या मजल्यावर लिफ्ट उघडली तर लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, त्यातली निम्मी उघडी. कुणी लसूण सोलत बसलेलं, कुणी मुलाचा अभ्यास घेत. शनिवारच्या रांगेतली एक बाई आम्हाला बघून दारात येऊन उभीच राहिली. प्रणालीच्या आईने लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं तसंच बंद ठेवलं.

मला खात्री होती की आता परबताईंचा आवाज त्या टोकापासून या टोकापर्यंत जाणार. पोरीला कॅन्सर असू शकतो, ही टेस्ट त्याची आहे, सगळ्यांनी ऐका, असं काहीतरी. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात आईच्या मागे, आतल्या खोलीच्या पडद्याजवळ प्रणाली दिसली. अंगात ढगळ टी-शर्ट, चेहरा उतरलेला. तिने परबताईंकडे बघून हात हलवला, तळवा खाली करून, दोनदा. हळू. हळू बोला.

आणि परबताई हळू बोलल्या. मी बारा वर्षांत त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. जाळीला तोंड लावून म्हणाल्या, "साखरेची टेस्ट राहिली होती हिची. तेवढं रक्त घेऊन जाते." खोटं बोलल्या. कुठल्याही पेशंटला 'दुखणार नाही' असंसुद्धा खोटं न सांगणारी बाई खोटं बोलली. आई म्हणाली, आम्हाला काही नको, या तुम्ही. लाकडी दार लागलं. लिफ्टपाशी आम्ही उभ्या राहिलो, लिफ्ट काही येईना. "पोरीन हात केल्यान गो," त्या म्हणाल्या. "माका मोठ्यान बोलूक येयना." मी तरी कुठे बोलले? हातात थंड डबा धरून उभी होते.

पुढचं थोडक्यात सांगते, मला ते लांबवून सांगता येत नाही. ज्या लेडी डॉक्टरने असली टेस्ट सांगितली तिच्याकडे जायचंच नाही, आणि तिच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांकडेही नाही, असं घरात ठरलं. पॅसेजमध्ये बोलणी सुरू झाली होती. प्रणालीचं पोट वाढत होतं, आणि आता ते वाढताना सगळे बघत होते. मग तिला गावी आजीकडे पाठवलं, लोकांच्या नजरेआड. तिथे अडीच महिने. एका दिवशी ती वेदनेने बेशुद्ध पडली, तेव्हा गाडी करून मुंबईला आणलं, थेट मोठ्या हॉस्पिटलात. गाठ आत फुटली होती, पोटभर पसरलं होतं. तिथे पहिल्याच दिवशी जे रक्त तपासलं त्यात त्याच तीन टेस्ट होत्या आणि तिसरीचा आकडा हजारांत. ऑपरेशन झालं, केमो झाली. तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं की या जातीचा कॅन्सर औषधाला ऐकतो, वेळेवर आला तर मुली बऱ्या होतात, पुढे त्यांना मुलंबाळंही होतात. वेळेवर! हे वाक्य त्या बापाने कसं ऐकलं असेल? दुसऱ्या केमोनंतर प्रणालीला ताप भरला तो उतरलाच नाही. बिल्डिंगमध्ये सांगितलं, अपेंडिक्स फुटलं. म्हणजे तिच्या बिल्डिंगमधली एखादी पोरगी उद्या पोट धरून बसली, तरी तिच्या आईला यातलं काहीही माहीत नसणार. डोकं फिरतं माझं.

परबताईंना हे मीच सांगितलं. प्रणाली गेल्याचं रांगेतल्या त्या बाईकडून कळलं होतं, खरं काय ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून; वडील शेवटी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, त्या रक्त फिरवायच्या मशीनमध्ये, नळ्या लावत राहिल्या. त्यानंतर त्या कामाला तशाच येत होत्या, प्रश्न तसाच विचारत होत्या, पिशव्या तशाच उघडत होत्या. फक्त माझ्याशी बोलताना थोडं जपून बोलायच्या. मला वाटतं, त्यांना भीती होती की मी रडेन.

प्रणाली जाऊन दोन महिने झाले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला तिची आई जिना चढून आली. बरोबर धाकटी, दहावीतली, शाळेच्या गणवेशात. शाळा बुडवून आणलेली. फॉर्म वगैरे काही नाही. बाकड्यांवर माणसं भरलेली. आई काउंटरला आली आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाली, "हिच्या सगळ्या टेस्ट करा. ती तिसरीपण करा, प्रेग्नन्सीवाली. तसंच लिहा, मला काय नाय वाटत."  धाकटी चपलेने जमीन टोकरत उभी.

मी परबताईंना बोलावलं. त्यांनी दोघींना आत नेलं नाही, तिथेच उभ्या राहून मुलीला विचारलं, पोट दुखतं? नाही. फुगतं? नाही. जेवण जातं? जातं. आईने पिशवी पुढे केली, त्यात मागच्याच आठवड्याची सोनोग्राफी होती. घाबरून करून घेतलेली. परबताईंनी ती शेवटपर्यंत वाचली. मग त्यांचा नेहमीचा आवाज लागला. "हिला काही झालेलं नाही. धडधाकट पोर आहे. हिचं रक्त मी उगाच काढणार नाही. उद्या एखादा आकडा जरा इकडचा तिकडे आला की तुम्ही झोपणार नाही आणि हिलाही झोपू देणार नाही. शाळेत पाठवा तिला."

सगळी लॅब ऐकत होती. आईनेही ऐकलं. मग अगदी हळू, भांडणाचा सूर नाही, राग नाही, जे खरंच जाणून घ्यायचं आहे ते विचारावं तसं तिने विचारलं.

"ताई, आज बोललात तसं त्या दिवशी दारात का नाही बोललात? तुम्ही साखरेची टेस्ट म्हणालात. मला वाटलं, यांनाच सांगायची लाज वाटतेय, म्हणजे आमच्या पोरीचं खरंच तसलं काहीतरी असणार."

परबताईंकडे कशालाही उत्तर असायचं. सरांना, पुढाऱ्यांच्या माणसांना, सासरेबुवांना. पोरीने हात केला होता, असं त्या सांगू शकल्या असत्या. ते खरं होतं, पण मग ते सगळं प्रणालीवर गेलं असतं. त्यांनी सोनोग्राफीच्या कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी आईच्या हातात दिली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

आईने मान हलवली. परबताईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघींना घेऊन जिना उतरल्या.

त्या महिन्याअखेरीला परबताईंनी नोकरी सोडली. मी रजेवर होते त्या दिवशी गेल्या, कणकवलीला राहतात म्हणे. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे, लावत नाही. त्यांची आठवण आली की मला दिसतं ते त्या सकाळचं. मी काउंटर सोडून खिडकीशी गेले होते. खाली त्यांनी रिक्षा थांबवली, मायलेकींना बसवलं, धाकटीचं दप्तर आत सरकवलं. रिक्षा वळून गेली तरी त्या रस्त्याच्या कडेला उभ्याच होत्या, पांढऱ्या कोटात, एका हातात अजून हातमोजा. मी वरून हाक मारली नाही. नॉर्मल मी म्हटलं होतं, प्रेग्नन्सी मी म्हटलं होतं, आणि 'चुकलं माझं' तेवढं त्या म्हणाल्या होत्या.